गळ्याशी आलेलं तूप

मराठी माणूस तेलातुपाच्या बाबतीत जितकं खोटं बोलतो, तितकं आयकर खात्यापुढेही बोलत नसेल. मिसळीच्या दुकानात शिरता शिरता "जरा तेल कमी असू द्या हं" असं बजावणारे गृहस्थ पहिली वाटी संपली की पोऱ्याला हाक मारतात आणि म्हणतात, "अरे, तर्री आण की थोडी!" तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लालभडक तेल, हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. बटाटावडा हातात आला की तो कागदात दाबायचा, कागदावर उमटलेला तेलाचा नकाशा शेजारच्याला दाखवायचा, "बघा, किती निघालं" म्हणायचं, आणि उरलेलं तेल वड्यासकट खायचं. आत किती राहिलं, हा प्रश्न त्या घटकेला कोणी विचारत नाही.

खाऊन झाल्यावर मग प्रत्येक घरात एकेक शास्त्र निघतं. माझ्या मावशीच्या मते घरी कढवलेलं तूप बाधत नाही, बाधतं ते विकतचं. का, ते ती सांगत नाही. लोणी ताजं होतं, एवढंच सांगते. शेजारचे काका जेवण झालं की फुंकर मारत कढत पाणी पितात, कारण त्यानं पोटातलं तेल विरघळतं. त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी एक इशारा येतो की तळणीवर गार पाणी प्यायलात तर तेल आत गोठून आतड्याला चिकटून बसेल. कोकणातले पाहुणे सोलकढीवर भार टाकतात, देशावरचे ताकावर. आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही ते शतपावली घालतात. या सगळ्यांची श्रद्धा एकच आहे: खाल्लेलं तूप अजून पुरतं आपलं झालेलं नाही, काही युक्ती केली तर ते मागच्या दारानं सटकेल.

सटकत नाही. या लेखात सांगण्यासारखं तेवढंच आहे, पण ते का सटकत नाही ही हकीकत मोठी मजेची आहे.

आधी पाण्याचं निकालात काढू. शरीराचं तापमान ३७ अंश. साजूक तूप त्याच्या आतच पातळ होतं. मे महिन्यात बरणीतही ते पातळच असतं. तेव्हा पोटात ते गोठण्याचा प्रश्न नाही, आणि आधीच पातळ असलेल्याला कढत पाण्यानं आणखी पातळ करण्यातही अर्थ नाही. गार पाणी म्हणाल, तर ते पोटात गेल्यावर थोड्याच वेळात ऊबदार होतं. विरघळण्याचं तर नावच काढू नका. तेल पाण्यात विरघळलं असतं तर मिसळीवर तर्री तरंगली नसती आणि निम्म्या महाराष्ट्राची रविवारची सकाळ बेचव झाली असती.

शतपावलीचा हिशेब जरा जास्त क्रूर आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी. पिठूळ, गोड किंवा प्रथिनांच्या पदार्थात ग्रॅममागे ४. चहाचा एक चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी. सामान्य अंगाच्या माणसाला एवढी ऊर्जा चालून खर्च करायला साधारण हजार पावलं टाकावी लागतात. शंभर पावलांत उतरतो तो चमच्याचा दहावा भाग. आपल्या पूर्वजांनी शतपावली सांगितली ती पचनाला बरी म्हणून. तुपाची भरपाई म्हणून सांगायची असती तर त्यांनी सहस्रपावली सांगितली असती. आणि पुरणपोळीच्या दिवशी तर पंढरपूरच सांगितलं असतं.

आता आत जाऊ. उदाहरण म्हणून एक जावई घेऊ. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणून धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे. अनारसे तुपात तळलेले, शिवाय पानात पुरणपोळी, तिच्यावर तूप, शेजारी तुपाची वाटी वेगळी. सासूबाई आग्रह करतायत आणि जावई "नको, नको" म्हणत पान पुढे सरकवतोय. या जावयाच्या गळ्याखाली उतरलेल्या तुपाचं पुढे काय होतं?

तोंडात जवळजवळ काहीच नाही. लाळेतलं विकर पोळीतल्या पिठावर लगेच तुटून पडतं, तुपाकडे मात्र ढुंकून बघत नाही. जिभेच्या मागच्या बाजूला स्निग्ध पदार्थ तोडणारं थोडंसं विकर स्रवतं खरं, पण मोठ्या माणसात त्याचं काम नगण्यच. जठरात पोहोचल्यावर खरी सुरुवात होते, तीही रडतखडत. जठरातलं लायपेज, म्हणजे स्निग्ध पदार्थ तोडणारं विकर, तुपाचा दहा ते तीस टक्के भाग तोडतं आणि उरलेल्याच्या बाबतीत काखा वर करतं. बाकीचं अन्न घुसळून खाली रवाना होत असताना तूप हलकं म्हणून वर तरंगत राहतं आणि सगळ्यात शेवटी निघतं. जड तेलकट जेवणाला जठर पुरतं रिकामं व्हायला चार तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. सकाळी नऊला खाल्लेल्या मिसळीची दुपारी बारा वाजता, ऐन मीटिंगमध्ये, ढेकरेवाटे आठवण येते ती यामुळे.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते आणि बाळाचं स्वादुपिंड अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं. म्हणून बाळाच्या तोंडातलं आणि जठरातलं लायपेज जोरात काम करतं. त्यातून कमी पडू नये म्हणून आईचं दूध आपल्याबरोबर स्वतःचं विकरही घेऊन येतं. एवढी तयारी करून घरी येणारा पाहुणा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

जठरातून तुपाचा पहिला हप्ता लहान आतड्यात उतरला की मात्र एकदम धावपळ उडते. आतड्याच्या भिंतीतून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. नाव उच्चारता येत नाही म्हणून डॉक्टरही त्याला सीसीके म्हणतात. १९२८ साली शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग या दोघांनी ते शोधलं. सीसीके पित्ताशयाला सांगतं, आकुंचन पाव. स्वादुपिंडाला सांगतं, विकरं सोड. जठराला सांगतं, जरा दमानं, मागचं अजून उरकलेलं नाही. आणि मेंदूला सांगतं, आता पुरे. या चारपैकी तिघं निमूटपणे ऐकतात. चौथ्याचं लक्ष तेव्हा अनारशांकडे असतं.

इथे पित्ताबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण मराठी घरात त्याच्याइतकी बदनामी कोणाचीच झालेली नाही. डोकं दुखलं, पित्त. उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. छातीत जळजळलं, तर पित्तच. ती जळजळ जठरातल्या आम्लाची असते. तेलकट खाण्यानं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, आम्ल वर येतं, आणि खापर फुटतं ते बिचाऱ्या पित्तावर. वामकुक्षी घेताना डाव्या कुशीवर झोपल्यानं आम्ल वर येणं कमी होतं. तेवढी एक गोष्ट आपल्या वाडवडिलांनी नेमकी ओळखली होती. पित्त स्वतः यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, सोशिक रस आहे. रोज अर्धा ते एक लिटर. त्यातला काही पित्ताशयात साठून आटून घट्ट होतो. पित्ताशयाची कुवत अवघी ३० ते ५० मिलिलिटर, पण माल चोख.

हे पित्त एकही रेणू तोडत नाही. त्यात विकरच नाही. त्याचं काम तूप फोडून त्याचे बारीक बारीक थेंब करणं आणि ते पुन्हा एकत्र येऊ न देणं. एक मिलिमीटरचा थेंब फोडून त्याचे हजाराव्या भागाएवढ्या जाडीचे थेंब केले, तर तेवढ्याच तुपाचा उघडा पृष्ठभाग हजारपट होतो. विकराला काम करायचं असतं ते पृष्ठभागावरच, म्हणून ही सगळी फोडाफोड. पित्तातले क्षार एका बाजूनं पाण्याला धरून असतात, दुसऱ्या बाजूनं तेलाला. दोन्ही घरी जेवणारी अशी माणसं समाजात फारशी मानाची समजली जात नाहीत, पण त्यांच्यावाचून कुठलंच लग्न पार पडत नाही.

साबणाची हकीकतही इथलीच. आपल्या आज्या तेलकट भांडी राखेनं घासत, त्यात तेलावर राखेतल्या अल्काचा परिणाम होऊन थोडासा साबणच तयार होत असे. फ्रान्समधल्या शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं डुकराच्या चरबीच्या साबणाचा नाद घेतला, त्यातून चरबी म्हणजे ग्लिसरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडं यांची जोडणी आहे हे शोधून काढलं, आणि १८२३ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. आयुष्यभर चरबीच्या सहवासात राहून १०२ वर्षं! पण याचा दाखला सासूबाईंपुढे देऊ नका; त्यांनी आणखी दोन अनारसे वाढले तर सांगणार कोणाला? सांगायचं राहिलं, आतड्यातही साबण बनतो. फॅटी अ‍ॅसिडं अन्नातल्या कॅल्शियमला भेटली की कॅल्शियमचा साबण होतो आणि तो शौचावाटे निघून जातो. तेवढाच थोडा भाग खरोखर मागच्या दारानं सुटतो, पण तो इतका किरकोळ की त्याच्या भरवशावर दुसरी पोळी घेण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष तोडण्याचं काम स्वादुपिंडाच्या लायपेजचं. गंमत अशी की पित्ताचे क्षार थेंबांना इतके चिकटून बसतात की लायपेजला थेंबावर पाय ठेवायलाही जागा उरत नाही. मदतीला बोलावलेल्यानंच कामगाराला बाहेर ढकलायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. त्यावर शरीरानं तोडगाही आपल्यासारखाच काढला आहे: तिसऱ्याची नेमणूक. कोलायपेज नावाचं एक प्रथिन येतं, थेंबाला धरून ठेवतं आणि लायपेजला त्यावर बसवतं. लायपेज मग तुपाच्या रेणूच्या तीनपैकी कडेची दोन फॅटी अ‍ॅसिडं कापतं आणि मधलं एक ग्लिसरॉलवर तसंच ठेवतं.

स्वादुपिंडाची ही करामत सगळ्यात आधी नीट दाखवली ती क्लोद बर्नार यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पॅरिसमध्ये. त्यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून आणलेले ससे टेबलावर मुतले. ससा गवत खातो, त्याचं मूत्र गढूळ हवं. यांचं स्वच्छ होतं, मांसाहारी प्राण्यासारखं. दुसऱ्या कोणी फडकं मागवलं असतं. बर्नार विचार करत बसले, आणि त्यांनी ताडलं की हे ससे उपाशी आहेत, त्यामुळे स्वतःच्याच मांसावर जगतायत, म्हणजे तूर्त मांसाहारीच झालेत. पडताळा म्हणून त्यांनी सशांना उकडलेलं मांस भरवलं. सशांना काय वाटलं याची नोंद नाही. नंतर ते ससे उघडून बघताना त्यांच्या लक्षात आलं की आतड्यापासून निघणाऱ्या नळ्या सुरुवातीच्या फूटभर भागात कोऱ्या आहेत, आणि त्यापुढे दुधासारख्या पांढऱ्या झाल्या आहेत. सशाच्या आतड्यात पित्त वरच उतरतं, स्वादुपिंडाचा रस त्याच्या बराच खाली. तो पांढरेपणा म्हणजे पचून आत शिरलेली चरबी, आणि तो सुरू होत होता स्वादुपिंडाचा रस पडतो तिथून. नुसतं पित्त पुरेसं नाही, स्वादुपिंड हवंच, हे असं उपाशी सशाच्या मूत्रापासून सिद्ध झालं. विज्ञानाचा मार्ग कुठून जाईल, सांगता येत नाही.

तर तूप तुटलं. पण आतड्याच्या भिंतीलगत पाण्याचा एक स्थिर पापुद्रा असतो आणि तुपाचे तुकडे काही पाण्यातून जायला तयार नसतात. पुन्हा पित्ताचेच क्षार पुढे येतात, तुकड्यांना वेढून त्यांच्या अतिसूक्ष्म गोळ्या करतात आणि भिंतीपाशी पोहोचवतात. या गोळ्यांचं नाव मायसेल, आकार चार ते आठ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. भिंतीपाशी तुकडे आत जातात, क्षार बाहेरच राहतात आणि पुढच्या खेपेला निघतात. काम संपलं की लहान आतड्याच्या अगदी शेवटी त्यांतले पंचाण्णव टक्के शोषून परत यकृताकडे पाठवले जातात. शरीरातले सगळे मिळून दोन-चार ग्रॅम पित्तक्षार, तेच दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतात. माझ्या आईनं तळणीचं तेल इतक्या वेळा वापरलं तर आम्ही तिला बोललो असतो.

ही भिंत केवढी, त्याची एक वेगळीच कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत छापून आलं की आतड्याच्या सगळ्या घड्या, अंकुर आणि त्यांवरची लव उलगडली तर टेनिसचं कोर्ट भरेल. २०१४ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी नीट मोजमाप घेतलं तेव्हा संपूर्ण पचनमार्ग मिळून क्षेत्र भरलं साधारण ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. आधीचा आकडा सुपर बिल्टअप होता म्हणायचा, हा कार्पेट. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये.

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. एवढ्या खटपटीनं तोडून आत आणलेल्या तुकड्यांचं आतड्याच्या पेशी पहिलं काम काय करतात? ते पुन्हा जोडतात. होय, ग्लिसरॉलवर पुन्हा तीन फॅटी अ‍ॅसिडं. जे जठरात होतं, जे वाटीत होतं, तेच पुन्हा तयार. मग त्या तेलाच्या थेंबाला प्रथिनांचं आणि फॉस्फोलिपिडांचं पातळ आवरण चढवून त्याचं कायलोमायक्रॉन नावाचं गाठोडं बांधतात. हे गाठोडं पुढे स्नायूंपाशी किंवा चरबीच्या पेशींपाशी पोहोचलं की तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं वेगळं लायपेज ते पुन्हा तोडतं. तुकडे चरबीच्या पेशीत शिरतात, आणि तिथे? पुन्हा जोडले जातात. तोडा, जोडा, तोडा, जोडा. कारण सरळ आहे: अखंड रेणू पेशीच्या भिंतीतून जात नाही आणि सुटे तुकडे साठवायला चालत नाहीत. पण प्रत्येक भिंतीपाशी तोच खटाटोप नव्यानं करणारं हे शरीर पाहिलं की त्याच्या चिकाटीला हात जोडावेसे वाटतात. तुपाचा एक थेंब वाया जाऊ नये म्हणून एवढं! हे शरीर दुष्काळांतून घडलेलं आहे. धोंड्याचं जेवण त्याच्या हिशेबातच नव्हतं.

गाठोडं बांधून झालं. आता रस्ता. साखर आणि प्रथिनांचे तुकडे आतड्यातून थेट रक्तात उतरतात आणि आधी यकृताकडे जातात. यकृतानं बघितल्याशिवाय पुढे सोडणं नाही. तुपातली ब्युटिरिक अ‍ॅसिडासारखी आखूड फॅटी अ‍ॅसिडं, लोण्याचा वास ज्यांच्यामुळे येतो ती, याच रस्त्यानं जातात. पण कायलोमायक्रॉनची गाठोडी केशवाहिन्यांत शिरायला फार मोठी. म्हणून ती आतड्याच्या प्रत्येक अंकुराच्या मध्यभागी असलेल्या लसिकेच्या नळीत शिरतात आणि यकृताला वळसा घालून निघतात.

या नळ्या सापडल्या त्या चुकून. २३ जुलै १६२२ या दिवशी गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्यानं भरपेट जेवलेल्या जिवंत कुत्र्याचं पोट फाडलं, त्याला दुसरंच काही बघायचं होतं. आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी वाटलं, नसा असतील. एक कापली तर पांढरा दुधाळ द्रव बाहेर आला. मग त्यानं उपाशी कुत्रा बघितला. त्यात काहीच दिसेना. म्हणजे जेवण झालेलं असेल तरच दिसणाऱ्या या नळ्या. त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये, त्याचं पुस्तक रंगीत चित्रांसह निघालं. पण त्यात त्यानं लिहिलं की या नळ्या यकृताकडे जातात. का? तर जुन्या ग्रंथांत सगळं यकृताकडेच जातं असं लिहिलं होतं म्हणून. खरा रस्ता दाखवला झाँ पेके यानं, १६५१ मध्ये. तोवर एकोणतीस वर्षं गेली. डोळ्यांना दिसतंय एक आणि ग्रंथात लिहिलंय दुसरं, अशा वेळी ग्रंथावर विश्वास ठेवण्याची खोड आपल्याकडेच आहे असं समजू नये.

पेकेनं दाखवलेला रस्ता असा: सगळ्या नळ्या पोटात एकत्र येतात, तिथून एक मोठी वाहिनी पाठीच्या कण्यासमोरून छातीतून वर चढते, आणि डाव्या बाजूला, मान आणि खांदा जुळतात तिथल्या मोठ्या शिरेत रिकामी होते. नकाशा समोर धरून बघा. जावयानं तूप गिळलं ते गळ्यातून. ते अन्ननलिकेतून खाली गेलं, जठरात तासन्‌तास तरंगलं, आतड्यात फुटलं, तुटलं, जुळलं, गाठोड्यात बांधलं गेलं, परत छातीतून वर चढलं, आणि रक्तात शिरलं ते पुन्हा गळ्याशीच, निघाल्या ठिकाणापासून वीतभरसुद्धा लांब नाही. पाहुणचार शेवटी गळ्याशी येतो असं सासूबाईंच्या यजमानांचं मत होतं, पण ते खर्चाबद्दल बोलत होते.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये जा. भरपूर तूपतेल खाल्ल्यावर तीन-चार तासांनी रक्तातली ही गाठोडी सर्वांत जास्त असतात, आणि रक्ताचा वरचा पिवळसर पारदर्शक द्रव त्यांच्यामुळे दुधाळ होतो. म्हणून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला हा स्निग्धांश, तपासायचं तर दहा-बारा तास उपाशीपोटी यायला सांगत आले आहेत. आमच्या एका काकूंनी यासाठी मुद्दाम एकादशी निवडली. उपास आहेच, तर तपासणीही उरकून टाकू, हा काटकसरीचा विचार. सकाळी सातला तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याच्या कुटाची आमटी. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. दहाला लॅब. तिथल्या मुलानं नळी उजेडात धरली, काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, काही खाऊन आलात का?"

"छे रे बाबा, आज माझा कडक उपास!"

खोटं त्या बोलत नव्हत्या. मुलानं त्यांना द्वादशीला परत यायला सांगितलं, आणि द्वादशीला उपास सोडायचा असतो म्हणून त्या गेल्या नाहीत.

मागचं दार उघडायचे शास्त्रीय प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेत ओलेस्ट्रा नावाची बनावट चरबी निघाली: साखरेच्या रेणूला सहा ते आठ फॅटी अ‍ॅसिडं अशी दाटीवाटीनं जोडायची की लायपेजला आत हात घालता येऊ नये. चव तेलाची, कॅलरी शून्य. १९९६ मध्ये तिथल्या सरकारी खात्यानं वेफर्समध्ये वापरायला परवानगी दिली, पण पाकिटावर पोटात कळा आणि पातळ शौच होऊ शकतं असा इशारा छापायची अट घातली. २००३ मध्ये ती अट काढली, पण तोवर लोकांनी इशारा मन लावून वाचला होता. दुसरा उपाय ऑर्लिस्टॅट हे औषध. ते लायपेजलाच बांधून ठेवतं आणि खाल्लेल्या स्निग्धांशातला सुमारे तीस टक्के भाग न पचता पुढे जातो. पुढे जातो म्हणजे कुठे, ते सांगायला नको. २००७ मध्ये अमेरिकेत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागलं तेव्हा विकणाऱ्यांनीच सल्ला दिला होता की सुरुवातीला गडद रंगाची पँट घाला आणि कामावर जाताना एक जादा कपडा बरोबर ठेवा. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती... जाऊ द्या.

शिवाय तूप सुटून गेलं की त्याच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही जातात, कारण ती स्निग्धांशाच्या पाठीवर बसूनच आत शिरतात. गाजराच्या बिनतेलाच्या कोशिंबिरीतलं कॅरोटीन फारसं आत जातच नाही. कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी घालणाऱ्या पिढ्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी ती चवीसाठी घातली आणि काम बरोबर झालं. बाहेर जाणारा एकच सभ्य मार्ग मला माहीत आहे, तो इसबगोलाचा. ते तुपाला हात लावत नाही, पण थोडे पित्तक्षार बांधून बाहेर नेतं. मग यकृताला ते नव्यानं बनवावे लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. तेवढ्यानं कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. वजन नाही.

कुणाला वाटेल, शरीर इतकं चिक्कू असेल हे कशावरून? त्याचीही मोजणी झालेली आहे. रोज १०० ग्रॅम स्निग्धांश खायला घालायचा आणि तीन दिवसांचं सगळं शौच गोळा करून त्यातला स्निग्धांश मोजायचा, अशी एक तपासणी वैद्यकात आहे. दिवसाला ७ ग्रॅमहून जास्त निघाला तर डॉक्टर माणसाला आजारी समजतात. म्हणजे धडधाकट माणूस शंभरातले त्र्याण्णव तरी आत ठेवतोच, बहुधा त्याहून जास्तच. घरचं असो, विकतचं असो, ताकावर असो, सोलकढीवर असो. ही तपासणी करणाऱ्यांचा पगार चांगला असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तेव्हा वाचकहो, एवढीच विनंती. तूप नको असेल तर वाढणारी वाटी घेऊन समोर आली की पानावर हात आडवा धरा. त्या हातापुढे कोलायपेजपासून कायलोमायक्रॉनपर्यंत तुमच्या बाजूचं कोणीही नाही. आणि हवं असेल तर मुकाट्यानं वाढून घ्या, चवीनं खा, आणि यजमानीणबाई नुकत्या कुठे पानावर बसल्या असताना कढत पाण्यासाठी त्यांना पुन्हा स्वयंपाकघरात पिटाळू नका.